पोटातली मेन लाइन

मोबाइलचा खरा उपयोग मला निवृत्तीनंतर कळला. चालताना थांबायचं झालं की तो खिशातून काढायचा, कानाला लावायचा आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून "हो, हो, बघतो, उद्या कळवतो" असं म्हणायचं. पलीकडे कोणी नसतं. दोन मिनिटांत मांड्या शांत होतात, मग फोन खिशात टाकून पुढे निघायचं. देवपुरातल्या आमच्या घरापासून पांझरेच्या पुलापर्यंत मला असे सहा फोन यायचे. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत त्यामुळे माझी किंमत वाढली. एकानं तर विचारलंच, "सर, प्लॉटिंगचा धंदा सुरू केला की काय?"

मी तीस वर्षं शाळेत खेळाचा मास्तर होतो. धुळ्यातली एक अख्खी पिढी माझ्या शिटीवर धावली आहे. दमून मैदानात बसलेल्या पोरांना मी "पाय आहेत की पडवळं?" असं विचारायचो. त्याच मला आता एकशेऐंशी पावलं झाली की पोटऱ्यांपासून ढुंगणापर्यंत असे पेटके यायचे की डोळ्यांपुढे काजवे चमकत. डॉक्टर लोक 'नितंब' म्हणतात, पण नितंब कवितेत असतात. दुखतं ते ढुंगणच. पावलं मोजायची सवय जुनी, त्यामुळे आकडा मला पाठ होता. एकशेऐंशी, फोन, एकशेऐंशी, फोन.

हे सगळं कशानं होतंय याचा विचार मी साहित्याच्या खोलीत, लेझीम आणि डंबेल्सच्या मागे बसून केला असता, पण ती खोली निवृत्तीबरोबर गेली. तिथं बसून मी रोज दहा सिगारेटी ओढायचो. पोरांपैकी कोणाच्या तोंडाला वास आला तर मात्र मैदानाला दहा फेऱ्या. इतकी वर्षं नाकाने कांदे सोलले, आता पायांनी डोळ्यांत पाणी आणलं.

चालण्याबरोबर आणखी एक गोष्ट बंद पडली होती. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एकदा नाही, दोनदा नाही, पाचव्यांदा फजिती झाल्यावर मी ठरवलं की परीक्षेलाच बसायचं नाही. कारण द्यायला धुळ्याचा उन्हाळा होताच. "आत फार उकडतं," म्हणत मी खाट उचलली आणि पुढच्या पडवीत टाकली. पावसाळा आला तेव्हा "हवा छान लागते" म्हटलं. थंडी आली तेव्हा काहीच म्हटलं नाही. बायकोनं गोधडी आणून खाटेवर ठेवली. त्याच्या चार-पाच महिने आधीच तिचं ऑपरेशन झालं होतं, गर्भपिशवी काढली होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध कोणी लावेल, असं माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात काय काय येत नाही, त्याची यादी मोठी आहे.

पायांवर इलाज सुरू झाला तो मणक्यापासून. एका हाडाच्या डॉक्टरांनी फोटो बघून मणक्यात गॅप सांगितला. माझ्या वयाच्या माणसाच्या मणक्यात गॅप नसला तरच नवल. वर्षभर मी कमरेला पट्टा बांधला, वजनं लावून पाय ओढून घेतले, मांजरासारखी पाठ वर-खाली केली. मग भडगावचे नाना, म्हणजे माझे थोरले भाऊ, मला यावलकडे सातपुड्याच्या पायथ्याशी एका तेलवाल्याकडे घेऊन गेले. त्यानं असं चोळलं की चार दिवस मला बसताही येईना. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्या सगळ्या प्रवासात फायदा एकच झाला, परत येताना केळीच्या मळ्यात वांग्याचं भरीत खाल्लं.

शेवटी खरं निदान झालं ते चुकून. आमचे नेहमीचे डॉक्टर सुट्टीवर होते आणि त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर बसले होते. मी खोकल्याचं औषध आणायला गेलो होतो. त्यांनी सवयीनं पायाला हात लावला आणि लावूनच ठेवला. मग दुसऱ्या पायाला.

"सर, पायात नाडी लागत नाही."

"नीट शोधा," मी म्हणालो. मास्तरकी जात नाही.

त्यांनी नीट शोधली. नव्हतीच. हाताचा रक्तदाब आणि घोट्याचा रक्तदाब घेतला, तर घोट्याचा निम्मासुद्धा भरला नाही. त्यांनी जळगावच्या एका दवाखान्याचं नाव लिहून दिलं, रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरबाई तिथं नवे पेशंट शुक्रवारी तपासतात म्हणून सांगितलं.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी, कारण पुढचा घोळ तिच्यामुळे झाला. आमच्या भाऊबंदकीत माणूस दवाखान्यात एकटा जात नाही. एकटा गेला तर लोक म्हणतात, बिचाऱ्याचं कोणी उरलं नाही. मी फोनवर नानांना एवढंच म्हणालो होतो की शुक्रवारी जळगावला दाखवायला जातोय. शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं नवरा-बायको दवाखान्याच्या दारात पोहोचलो, तर भडगावहून क्रूझर आधीच येऊन उभी. आत अकरा माणसं. नाना, चुलत भाऊ, त्यांच्या बायका, एक आत्या, आणि डब्यांत कळण्याच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. माझा आजार काय आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, पण जेवणाची सोय झाली होती.

माझा नंबर आला तेव्हा सगळे माझ्यामागून केबिनमध्ये शिरले. खुर्च्या दोनच होत्या. डॉक्टरबाई माझ्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. त्यांनी चष्म्यावरून गर्दीकडे पाहिलं.

"पेशंटसोबत एकानं थांबलं तर बरं होईल."

"आठे बठ्ठा घरनाच शेतस," नाना अहिराणीत म्हणाले, म्हणजे इथं सगळे घरचेच आहेत. "तुमी बोला, डॉक्टरबाई."

बाई बोलल्या. मला पडद्यामागे झोपवून दोन्ही जांघांत बोटं दाबून त्यांनी नाडी बघितली, पोटाला नळी लावून ऐकलं. मग खुर्चीत येऊन बसल्या आणि एकेक प्रश्न विचारू लागल्या. किती चालता, कुठे दुखतं, सिगारेट किती. मी दहाच्या चार सांगितल्या. आणि मग त्याच आवाजात, मान वर न करता, "संबंधांच्या वेळी काही अडचण येते का? ताठरता येते?"

आत्यानं पदर तोंडाला लावला. मागे अकरा माणसं, त्यांत माझे थोरले भाऊ, आणि मी साठी ओलांडलेला खेळाचा मास्तर. मी मिशीवरून हात फिरवला.

"एकदम व्यवस्थित!" मी म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मागून कोणीतरी खुदकन हसलं आणि मला चेव आला. "मैदानावरचा माणूस आहे मी, बाई. तिकडे काही तक्रार नाही."

केबिन हसण्यानं भरली. नानांनी माझ्या पाठीवर थाप मारली. दाराशी बायको उभी होती, हातात माझ्या रिपोर्टांची पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊन. ती तेवढी हसली नाही. तिनं मान खाली घातली आणि पिशवीच्या बंदाला गाठ मारत राहिली. लाजली असेल, असं मी समजलो. छत्तीस वर्षांच्या संसारानंतर एवढीच अक्कल.

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला भरती करून घेतलं. त्या संध्याकाळपासून बायको माझ्याशी गोळ्यांपुरतंच बोलू लागली. "ही जेवणाआधी." "ही नंतर." बाकी शून्य. मला वाटलं, घाबरली आहे. मी तिला धीर द्यायला एक विनोद केला, तर ती उठून पाणी भरायला गेली. बाटली भरलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी सीटी अँजिओग्राफी झाली. हाताच्या शिरेतून औषध सोडतात, ते आत गेलं की सगळ्या अंगातून गरम लाट जाते आणि जिथं गरम व्हायला नको तिथं सगळ्यात जास्त गरम वाटतं. मला आधी वाटलं, मी चादर ओली केली. मग वाटलं, आजार बरा झाला. दोन्ही खोटं निघालं.

बाईंनी फोटो पडद्यावर लावला तेव्हा भाऊबंद पुन्हा हजर होते. पोटातून खाली उतरणारी मोठी रक्तवाहिनी, बाई तिला महाधमनी म्हणाल्या, बेंबीपाशी दोन पायांसाठी दुभागते. त्या फाट्याच्या जरा वर ती आत दाबल्यागत झाली होती. रक्त जायला जेमतेम काडीएवढी वाट उरली होती. "इथं फुगा घालून ती रुंद करायची आणि स्टेंट बसवायचा," बाई म्हणाल्या. "स्टेंट म्हणजे धातूची जाळी. ती आतून आधार देते. पोट फाडायची गरज नाही, जांघेतूनच जाऊ."

भाऊबंदांना काही कळलं नाही. नानांना कळलं. नानांच्या मळ्यात वीस वर्षं ठिबक आहे, आणि त्याच्या बारीक नळ्या, म्हणजे लॅटरल, चोक झाल्या की ते अ‍ॅसिड सोडून साफ करतात.

"म्हंजे मेन लाइनच चोक व्हयेल शे," ते सगळ्यांकडे वळून म्हणाले. "मेन लाइन चोक, तं लॅटरलले पानी कथाईन येई? बठ्ठं खाले कोरडं!" मग बाईंना, "अ‍ॅसिड सोडीसन काम व्हवाव नही का?"

बाई म्हणाल्या की माणसात अ‍ॅसिड सोडत नाहीत. पण बाकीचं बरोबर आहे, असंही म्हणाल्या. "फाट्याच्या खाली जेवढं आहे तेवढ्या सगळ्यालाच रक्त कमी पडतं."

माझी बायको भडगावकडच्या शेतकऱ्याची मुलगी. नळी कुठे चोक झाली की कुठलं रोप वाळतं, हे तिला शाळेत जायच्या आधीपासून माहीत. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. दवाखान्याचं छत मी इतकं लक्ष देऊन आधी कधी बघितलं नव्हतं.

स्टेंट बसवायच्या दिवशी सकाळी एक माणूस वस्तरा घेऊन आला आणि "सर, मी तुमचा विद्यार्थी" म्हणाला. मी त्याला कधीकाळी दहा फेऱ्या मारायला लावल्या असणारच. त्यानं नम्रपणे माझं बेंबीपासून गुडघ्यापर्यंत सपाट मैदान केलं, आणि मी श्वास रोखून त्याच्या मनात राग उरला नसावा अशी प्रार्थना केली. राग नव्हता. भला माणूस.

आत भूल जांघेपुरतीच होती, त्यामुळे मी जागा होतो. फुगा फुगला तेव्हा पाठीत आणि पोटात असं दुखलं की मी शाळेतल्या सगळ्या शिव्या मनातल्या मनात म्हटल्या. "सांगा, किती दुखतंय?" बाईंनी विचारलं. या वेळी मी खरं सांगितलं. मग दुखणं ओसरलं, पडद्यावर ती काडीएवढी वाट माझ्यादेखत रुंद झाली, आणि थोड्या वेळानं माझ्या पायांना ऊब आली. तीन वर्षं माझे पाय थंड होते हे मला ते गरम झाल्यावर समजलं. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की त्या वस्तऱ्यावाल्याला सुद्धा मिठी मारली असती.

पण उठायला बंदी. दोन्ही जांघांवर वजन ठेवून सहा तास पाय सरळ, हलायचं नाही. आणि त्या खोलीचा नियम कडक होता, एका वेळी एकच माणूस. नानांनी दारात "आमी बठ्ठा घरनाच शेतस" करून पाहिलं. नर्सबाईंनी दार लावून घेतलं. आमच्या भाऊबंदकीच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं असावं. पहिली आत आली ती बायको.

तीन वर्षांत आम्ही दोघं असे समोरासमोर बसलो नव्हतो. घरात बोलणं अवघड वळणावर आलं की मी चप्पल घालून बाहेर पडायचो. आता चप्पल खाटेखाली होती आणि मी दोन वजनांखाली. ती स्टुलावर बसली. ती माझ्याशी घरात अहिराणीतच बोलते, पण त्या दिवशीचा आवाज मी आधी ऐकला नव्हता.

"त्या दिन डॉक्टरबाईले काय सांगं तुमी?"

"खोटं सांगं," मी म्हणालो.

"मंग खरं काय शे?"

मी सांगितलं. छताकडे बघत, शाळेतल्या पोरानं कबुली द्यावी तसं सगळं सांगितलं. उकाड्याचं कारण खोटं. खाट का उचलली ते. तुझ्यासमोर पुन्हा फजिती नको म्हणून.

"कितला दिनफाईन?"

"तीन वरीसफाईन."

मी मान वळवून पाहिलं तर तिच्या गालांवरून पाणी खाली येत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"माले वाटे," ती म्हणाली, "मनी पिशवी काढी टाकी म्हनीसन तुमी खाट बाहेर लई गयात. बाई संपनी, असं वाटनं आसी तुमले. तीन वरीस मी देव्हारामां बसीसन देवले इचारं, मनं काय चुकनं. आनि त्या दिन बठ्ठासमोर तुमी 'व्यवस्थित' म्हनात. तवय माले समजनं, बठ्ठं व्यवस्थित शे. फक्त मनासंगे नही."

सगळं ठीक आहे, फक्त तिच्यासोबत नाही, असा अर्थ तिनं काढला होता. मला लाज वाटली. आयुष्यात खूप वेळा वाटायला हवी होती तेव्हा वाटली नव्हती, ती सगळी एकदम वाटली. अकरा माणसांत मिशी वर ठेवायची म्हणून मी जे बोललो, ते बाराव्या माणसाला कुठे जाऊन लागलं होतं! मी रडलो. उशाशी लावलेलं मशीन टूं टूं करायला लागलं आणि नर्सबाई धावत आल्या. "आजोबा, बीपी वाढलंय, बोलू नका." मग बायकोकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही जा आता, दुसऱ्यांना पाठवा." बायको गेली आणि नाना आले. लाइन मोकळी झाली का, पाण्याला प्रेशर किती, ते विचारत बसले.

दुसऱ्या दिवशी बाई राउंडला आल्या तेव्हा मी नानांना चहा प्यायला पाठवलं आणि बायकोसमोर त्यांना खरं सांगितलं. सिगारेटींचा आकडासुद्धा. बाई हसल्या नाहीत. "मला तेव्हाच शंका आली होती," म्हणाल्या. "पहिली चूक माझी. सगळ्यांना बाहेर काढून विचारायला हवं होतं." परत येईल का, ते मी विचारलं. "काहींना फरक पडतो, काहींना नाही. गोळ्या सोडायच्या नाहीत, सिगारेट सोडायची आणि चालायचं. बाकी बघू." बायको खिडकीतून बाहेर बघत होती, पण कान इकडे होते.

घरी सोडताना नर्सबाईंनी बायकोला एक काम शिकवलं. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या रेषेत, दोन बोटं हलकेच ठेवायची आणि नाडी लागते का ते बघायचं. रोज. नाही लागली तर ताबडतोब फोन. बायको दोन्ही हातांनी माझे पाय धरून बसली होती आणि भाऊबंद कौतुकानं बघत होते. नवऱ्याचे पाय धरणारी बायको आमच्याकडे नेहमीच कौतुकाची. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते कोणी बघितलं नाही.

घरी आल्यावर खाट पडवीतच राहिली. मी आत न्यायला हात लावला तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." बरोबरच होतं. तीन वर्षांची कोंडी काही एका फुग्यानं फुटणार नव्हती. रोज सकाळी चहा झाला की ती ओट्यावर येऊन माझ्या पावलावर दोन बोटं ठेवायची, डोळे मिटून थांबायची आणि म्हणायची, "शे." म्हणजे आहे. तेवढंच. उठून आत. पंधरा दिवस आमच्या संसारात हा एकच शब्द होता, आणि त्याची मी सकाळपासून वाट बघायचो.

सोळाव्या दिवशी मी मोबाइल घरी ठेवून निघालो. एकशेऐंशी पावलं झाली. दोनशे झाली. चारशेला मी मोजणं सोडलं. पुलावर पोहोचलो, पांझरेतल्या त्या थेंबभर पाण्याकडे बघितलं आणि कुठेही न थांबता परत आलो. फाटकातून आत शिरलो तर ती ओट्यावर मेथी निवडत बसली होती.

"एकबी फोन नही ऊना," मी म्हणालो. फोनचं नाटक तिला पहिल्यापासून माहीत होतं. ती गालातल्या गालात हसली. मी खालच्या पायरीवर बसलो आणि सवयीनं पाऊल पुढे केलं. तिनं हाताची माती पुसली, बोटं ठेवली, म्हणाली, "शे."

उठली मात्र नाही. मेथीची परात बाजूला सारली, लुगड्याची कड जराशी वर घेतली आणि आपलं पाऊल माझ्या मांडीवर ठेवलं.

"आते मनी देखा."

रस्त्यावर वर्दळ होती. फिरायला जाणारी तीच मंडळी समोरून चालली होती, मला प्लॉटिंगबद्दल विचारणारा त्यांत होताच. एवढा मोठा मास्तर भर सकाळी बायकोचा पाय धरून बसलाय, हे तो संध्याकाळपर्यंत देवपूरभर सांगणार होता. मी दोन्ही हातांत पाऊल घेतलं. टाचेला भेगा होत्या, त्या मला माहीत नव्हत्या. बोटं ठेवली, चुकली, पुन्हा ठेवली. नाडी सापडायला मला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ ती पाय न हलवता बसून राहिली.

"शे," मी म्हणालो.